तारखेच्या गळ्यात काय बांधायचं

माझी तक्रार एका शब्दाच्या जागेबद्दल आहे. शब्द आहे 'कॅलेंडर'. जुन्या मराठी पत्रांचा मजकूर संगणकात भरताना हा शब्द कुठे लिहायचा, कुठे लिहायचा नाही आणि लिहिला तरी त्यातून वाचणाऱ्याला नेमकं काय कळतं, यात माझे कामाचे दिवस जातात. तक्रार लहान आहे, हे मला मान्य आहे. पण ती रोजची आहे, आणि तिच्यामुळे कागदांवरचा पुरावा हळूहळू बिघडतो आहे, म्हणून ती सविस्तर मांडते.

काम असं असतं. मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर समोर असतं. त्यातल्या प्रत्येक भागाला खूण करायची: हा मायना, ही तारीख, हे माणसाचं नाव, हे गाव. या खुणांचं जगभर चालणारं एक प्रमाण आहे, टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय. नोव्हेंबर १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, वासर कॉलेजात, काही विद्वान जमले आणि त्यातून ते उभं राहिलं. १९९४ साली त्याची पी-थ्री आवृत्ती आली, २००७ साली पी-फाइव्ह आली आणि तीच सुधारणा होत होत आज चालू आहे. त्यात पाचशेहून अधिक एलिमेंट आहेत. एलिमेंट सांगतो की ही वस्तू काय आहे. त्या वस्तूबद्दल आणखी काही सांगायचं असेल तर एलिमेंटला अ‍ॅट्रिब्यूट जोडायचे. कोणत्या एलिमेंटला कोणता अ‍ॅट्रिब्यूट चालतो ते नियमात लिहिलेलं असतं, आणि नियमाबाहेर काही जोडलं की तपासणीचा प्रोग्राम फाइल परत करतो.

उदाहरण पानिपतचं घेऊ. कागदावर 'शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे पौष शुद्ध अष्टमी' अशा धाटणीचा मजकूर असेल, तर त्याभोवती 'डेट' हा एलिमेंट येतो. त्याच्या 'व्हेन' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मी लिहिते १७६१-०१-१४. 'कॅलेंडर' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहिते की मूळ तारीख शालिवाहन शकाची आहे. आता नीट बघा. यातलं 'कॅलेंडर' कागदाबद्दल बोलतं: लिहिणाऱ्याने ही पद्धत वापरली. 'व्हेन' माझ्याबद्दल बोलतं: मी हिशेब केला आणि ही इंग्रजी तारीख आली. एक साक्षीदाराचं म्हणणं, दुसरं वकिलाचं. दोन्ही एकाच टॅगच्या पोटात, एकाच ओळीत, एकाच रंगात. माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले. तिथे संपादकाने काढलेली तारीख आणि पत्राचा मूळ मजकूर पानावर वेगवेगळ्या जागी दिसतो. वाचणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. छापखान्याने टाइप बदलून आणि जागा सोडून जे सहज साधलं, ते संगणकात आणताना आपण एका ओळीत कोंबलं.

अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे गुणधर्म, आणि गुणधर्म नेमका कुणाचा, हा प्रश्न मुंबईतल्या आमच्या देवनारमध्ये नवा नाही. गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली ती स्थापन झाली आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिच्याकडे असतं. त्या सर्वेक्षणाची घरासाठीची प्रश्नावली वाचण्यासारखी आहे. घरात शौचालय कोणतं, पाणी कुठून येतं, हे घराला विचारलेलं असतं. वय, शिक्षण, हे घरातल्या एकेका माणसापुढे असतं. धर्म आणि जात मात्र त्या प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखाची विचारतात. पुढे बाईची स्वतंत्र मुलाखत होते तेव्हा तिला तिचा धर्म, तिची जात वेगळी विचारली जाते. म्हणजे तिथे कुणीतरी बसून ठरवलं की कोणती गोष्ट घराची, कोणती प्रमुखाची, कोणती व्यक्तीची. कुटुंबप्रमुखाचं उत्तर उद्या कुणी घरातल्या सगळ्यांच्या नावावर लावलं, तर आंतरजातीय लग्न करून आलेली सून आकड्यांतून पुसली जाईल. प्रश्नावली छापण्याआधीच हा विचार करावा लागतो, नंतर करून भागत नाही. आमच्या कागदांनाही हाच न्याय लागतो.

तारखांचा घोळ कळायला फार लांब जावं लागत नाही. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे, साष्टी आणि शेवटी वसई घेतली. म्हणजे आमच्याच आजूबाजूचा मुलूख. या मोहिमेबद्दल तीन घरचे लोक एकाच वेळी लिहीत होते. पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगरियन पद्धतीने तारीख टाकत. मुंबई बेटावरचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन पद्धतीलाच धरून होते, म्हणजे पोर्तुगिजांपेक्षा अकरा दिवस मागे. मराठे तिथी, शक आणि अरबी सन लिहीत. त्यामुळे शरणागतीच्या करारावर पोर्तुगीज १६ मे १७३९ लिहितील त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजाच्या वहीत ५ मे असतो. वसई सोडण्याची तारीख पुस्तकांतून कुठे १२ मे, कुठे २३ मे अशी वाचायला मिळते. दोन्हींत नेमका अकरा दिवसांचा फरक आहे, हे ध्यानात घेतलं तर भांडण मिटतं. पण भरलेल्या फाइलमध्ये नुसतं 'व्हेन' १७३९-०५-१२ असेल आणि 'कॅलेंडर' रिकामं असेल, तर यंत्र ते ग्रेगरियन समजतं आणि किल्ला पडण्याआधीच रिकामा करतं.

टीईआयच्या 'व्हेन'मध्ये ग्रेगरियन तारीखच अपेक्षित आहे. शिवराज्याभिषेक आपण ६ जून १६७४ म्हणून ओळखतो. ती ज्युलियन तारीख आहे. नियम काटेकोर पाळायचा तर 'व्हेन'मध्ये १६७४-०६-१६ लिहावं लागतं. १९ फेब्रुवारी १६३० या शिवजन्माच्या तारखेचंही तसंच, ती १ मार्च १६३० होते. मी ज्या संस्थेसाठी काम करते तिथे या दोन तारखा मी नियमाप्रमाणे भरल्या, तर चूक म्हणून परत आल्या. तपासणाऱ्याला दोष देत नाही. तो शाळेत जे शिकला तेच बघतो. दोष हा की 'व्हेन' या अ‍ॅट्रिब्यूटला स्वतःच्या अंगावर लिहिता येत नाही की ही तारीख रूपांतर करून काढलेली आहे.

आता खरी गाठ. पेशवाईतल्या पत्रावर तारीख बहुधा अशी असते: आधी 'छ', म्हणजे चंद्र, पुढे आकडा, मग महिना. हा महिना हिजरी, मोहरम, सफर, रजब, जमादिलाखर. त्यापुढे 'सुरू सन' आणि अरबी शब्दांत लिहिलेलं साल. १७६१ च्या आरंभीचा कागद असेल तर साल येतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे साल हिजरी नाही. हिजरी तेव्हा ११७४ चालू होतं. हा शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतसाऱ्याच्या हिशेबाला सोयीचा, म्हणून दख्खनच्या दफ्तरांत तो रुजला. शुहूर सनात ५९९ मिळवले की जूनपासून डिसेंबरपर्यंतचं इसवी साल मिळतं, ६०० मिळवले की पुढच्या जानेवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचं.

म्हणजे एकाच तारखेत दिवस आणि महिना चंद्राचे, साल सूर्याचं. दोन वेगवेगळ्या कालगणना एका ओळीत, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. त्याला दोन्ही पाठ होत्या. गोंधळ आपण घालतो.

टीईआयचा 'कॅलेंडर' अ‍ॅट्रिब्यूट एकाहून अधिक कालगणनांची नावं घेतो, एवढी सोय आहे. फाइलच्या शीर्षभागात प्रत्येक कालगणनेचं वर्णन एकदा लिहायचं आणि तारखेवरून त्याकडे बोट दाखवायचं. मी लिहिते: हिजरी, शुहूर. पण यातून हे कळत नाही की महिना हिजरी आणि साल शुहूर. यंत्राला वाटेल, तीच तारीख दोन्ही पद्धतींत खरी आहे. कुणी तरुण अभ्यासक 'सन ११६१ हिजरी' असा अर्थ काढेल आणि पत्र १७४८ मध्ये नेऊन ठेवेल. पानिपत बारा-तेरा वर्षं आधी. अशी चूक एकदा यादीत शिरली की त्या यादीवरून केलेल्या दुसऱ्या याद्यांत जाते. दुधात पाणी मिसळल्यासारखं ते नंतर वेगळं करता येत नाही.

यावर उपाय पूर्वी होता, म्हणून जास्त हळहळ वाटते. २००२ सालच्या पी-फोर आवृत्तीत 'डेटस्ट्रक्ट' नावाचा एलिमेंट होता. त्याच्या आत दिवस, महिना, वर्ष यांना स्वतंत्र एलिमेंट होते. पी-फाइव्हमध्ये तो काढून टाकला. काढण्यामागे विचार होता. एकाच तारखेसाठी दोन एलिमेंट का ठेवायचे, आणि 'व्हेन'मध्ये साल-महिना-दिवस एका ठरावीक साच्यात आला की संगणकाचं काम भागतं. ज्यांच्या कागदांवर पूर्ण तारीख एकाच कालगणनेतून येते त्यांचं भागलंही. आमचं भागलं नाही. तारखेच्या आत तारीख घालून, म्हणजे बाहेरच्या 'डेट'मध्ये महिन्यासाठी एक आणि सालासाठी एक 'डेट' बसवून, मी काम चालवते. नियमात बसतं. पण नुसत्या 'रजब' या शब्दाला तारीख म्हणणं माझ्या जिवावर येतं, आणि दुसऱ्या कुणाची फाइल माझ्या फाइलशी जुळेलच याची खात्री राहत नाही.

टीईआयच्या परिषदेने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या तांत्रिक मंडळींनी, अलीकडच्या काळात घेतलेला एक निर्णय मला पूर्ण पटतो, आणि तो इथे सांगायलाच हवा. पूर्वी 'कॅलेंडर' हा अ‍ॅट्रिब्यूट काळाशी संबंध असलेल्या कितीतरी एलिमेंटांवर लावता येत असे: जन्म, मृत्यू, घटना, निवास. आता तो फक्त तीन जागी राहिला: मजकुरातली तारीख, ग्रंथावरची तारीख आणि हस्तलिखिताच्या निर्मितीची तारीख. कारण साधं आहे. कॅलेंडर हा लिहिलेल्या शब्दांचा गुण. शब्द जिथे तारीख सांगतात तिथेच त्याला जागा. 'जन्म' या नोंदीत गावही असेल, आईचं नावही असेल. अशा नोंदीला कालगणना नसते, तिच्यात लिहिलेल्या तारखेला असते. जुन्या फाइली एका दिवसात मोडू नयेत म्हणून आधी मुदत दिली, मग अ‍ॅट्रिब्यूट काढला. निर्णय असे व्हावेत. माझं म्हणणं एवढंच की हाच न्याय आणखी एक पायरी खाली न्यावा. लिहिलेल्या शब्दांचाच गुण असेल, तर सालाच्या शब्दाला सालाचा आणि महिन्याच्या शब्दाला महिन्याचा द्या.

तिथीची वेगळीच रड आहे, आणि ती मी थोडक्यात आवरू शकत नाही. तिथी सुमारे वीस तासांपासून जवळजवळ सत्तावीस तासांपर्यंत लहानमोठी होते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. त्यामुळे कधी एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना सापडते, कधी एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही. शिवाय साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. कागदावर नुसतं 'ज्येष्ठ शुद्ध द्वितीया' असेल आणि त्या वर्षी अधिक ज्येष्ठ असेल, तर अधिक की निज हे विचारावं लागतं. नर्मदेपलीकडून आलेलं पत्र असेल तर वद्य पक्षाचा महिनाच बदलतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. मराठ्यांचे वकील उत्तरेत बसून लिहीत तेव्हा त्यांनी घरची रीत पाळली की तिथली, हे प्रत्येक पत्रापुरतं ठरवावं लागतं.

हे सगळं ठरवायला कोष्टकं आहेत. रॉबर्ट स्यूएल आणि मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं 'द इंडियन कॅलेंडर' १८९६ चं. स्वामिकन्नू पिल्ले यांची 'इंडियन एफिमेरिस' १९२२ ची. दोन्ही कामं अजोड आहेत. पण महाराष्ट्रात पंचांगं बहुतेक गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून होत. नांदगावच्या या ज्योतिषाने १५२० साली तो करणग्रंथ लिहिला आणि पुढची कित्येक शतकं आपल्या जोशांनी त्याच्यावर गणित केलं. कोष्टकाचं गणित वेगळ्या सिद्धांताचं असेल तर तिथी सूर्योदयाच्या आसपास संपणाऱ्या दिवशी एका दिवसाचा फरक पडतो. पत्रावर वार लिहिलेला असला तर वाचलो. नसला तर 'व्हेन'मध्ये जे जातं तो अंदाज असतो, चांगल्या माणसाने केलेला चांगला अंदाज, पण अंदाजच.

अंदाज कळावा म्हणून टीईआयमध्ये 'सर्ट' हा अ‍ॅट्रिब्यूट आहे: खात्री जास्त, मध्यम, कमी, अज्ञात. ठरवलं कुणी हे सांगायला 'रिस्प' आहे. दोन्ही जवळपास कुठल्याही एलिमेंटवर चालतात. मी 'डेट'वर 'सर्ट' मध्यम लिहिलं. आता सांगा, मध्यम खात्री कशाची? मोडीतला आकडा मी बरोबर वाचला याची? ही तारीख आहे, हिशेबाची रक्कम नाही, याची? की १४ जानेवारी हे माझं गणित बरोबर आहे याची? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मोडी वाचणारा जबाबदार, दुसरीला संपादक, तिसरीला कोष्टक. अ‍ॅट्रिब्यूट एकच, आणि तो अख्ख्या एलिमेंटच्या गळ्यात पडतो. 'सर्टन्टी' नावाचा स्वतंत्र एलिमेंट लिहून 'माझी शंका फक्त व्हेनच्या किमतीबद्दल आहे' असं सांगण्याची तरतूद आहे. तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात एका ओळीच्या तारखेसाठी तीन ओळी लिहाव्या लागतात, आणि ठेक्याने काम करणारी मुलं त्या लिहीत नाहीत. पैसे पानावर मिळतात, शंकेवर मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या फाइलींत सगळ्या तारखा सारख्याच ठाम दिसतात. तिथी, वार, संवत्सर सगळं असलेली तारीख आणि नुसतं 'छ १२ सफर' लिहिलेली तारीख शेजारी शेजारी, दोघींच्या अंगावर तोच आठ आकडी साज.

नावांचंही असंच होतं, फक्त तिथे चूक चटकन दिसते. कागदावर 'बाजीराव बल्लाळ' आणि 'चिमणाजी बल्लाळ' येतात. बल्लाळ म्हणजे बाळाजी, दोघांचे वडील, बाळाजी विश्वनाथ. आडनाव भट, ते इथे लिहिलेलंच नाही. परदेशी साच्यात शेवटचा शब्द तो आडनाव, म्हणून मी पाहिलेल्या एका यादीत पेशव्यांचं घराणं बल्लाळ झालेलं आहे, आणि पुढचे बाळाजी बाजीराव 'बाजीराव' या आडनावाखाली वेगळे पडलेत. बाप एका घरात, मुलगा दुसऱ्या घरात. टीईआयमध्ये नावाच्या प्रत्येक तुकड्याला प्रकार देता येतो, क्रम लावायला 'सॉर्ट' आहे. साधनं पुरेशी आहेत, ती वापरण्याआधी कागद वाचायला हवा.

मोडीच्या ओळींबद्दल मात्र मला तक्रारच करायची नाही, कारण तिथे जागा बरोबर आहे आणि आपणच ती वापरत नाही. मोडीत कारकून आधी आडवी रेघ मारून घेतो आणि शब्दांमध्ये जागा न सोडता तिला अक्षरं लटकवत जातो. ओळ संपली की शब्द अर्ध्यात तुटतो आणि पुढच्या ओळीवर चालू राहतो, मध्ये कुठलीही खूण नाही. टीईआयमध्ये ओळीच्या सुरुवातीला 'ब्रेक' हा अ‍ॅट्रिब्यूट आहे: इथे शब्द संपतो का, हो, नाही किंवा असेलही. मूळ कागदावर शब्दच वेगळे नाहीत, तर प्रत्येक ओळीवर हा प्रश्न सोडवत बसण्यात अर्थ नाही. शब्द आम्ही वेगळे केले, हे शीर्षभागात संपादनाच्या धोरणात एकदा लिहावं. मोडी ही लिपी होती हेही प्रत्येक परिच्छेदावर नको. आपण भरतो ती अक्षरं देवनागरी आहेत, त्यामुळे परिच्छेदाच्या भाषेत मराठी पुरे. मोडीचा उल्लेख हस्ताक्षराच्या वर्णनात करावा, तिथे 'स्क्रिप्ट' नावाचा अ‍ॅट्रिब्यूट त्यासाठीच ठेवलेला आहे. २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीला स्वतःची जागा मिळाली आहे. ज्या दिवशी आपण मूळ मोडी अक्षरंच भरू, त्या दिवशी परिच्छेदाच्या भाषेपुढे मोडीचा संकेत लावू.

पत्राच्या शेवटीही हेच. मजकूर कारकुनाच्या हातचा, पण शेवटचे दोन शब्द कधी कधी खुद्द धन्याच्या अक्षरात असतात. त्या शब्दांना वजन होतं. ज्याला पत्र आलं तो आधी ते अक्षर बघत असणार. टीईआयमध्ये समारोपाच्या भागावर 'हँड' लावून हे सांगता येतं. लिप्यंतर करणाऱ्याने मात्र 'इथून अक्षर बदललं' हे टिपलेलं नसतं, आणि कागद बस्त्यात परत गेल्यावर माझ्यासारखीला ते कळायचा मार्ग उरत नाही.

गावाच्या नावाचा प्रश्न मला रोज घरच्या पत्त्यात भेटतो. देवनार या शब्दाला 'प्लेसनेम' लावायचं आणि 'रेफ'मधून एखाद्या स्थळकोशातल्या नोंदीकडे बोट दाखवायचं. पण कोणतं देवनार? एक गाव आहे, गावठाणासह. एक महापालिकेचा कत्तलखाना आहे, १९७१ चा. एक कचराभूमी आहे, १९२७ पासूनची, तिच्या कडेला राहणारे लोक आपला पत्ता शिवाजी नगर किंवा बैंगनवाडी सांगतात, देवनार सांगत नाहीत. एक टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९५४ पासून इथे. स्टेशनचं नाव गोवंडी. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला आग लागली आणि धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला, तेव्हा बातम्यांत सगळीकडे 'देवनार' होतं. पन्नास वर्षांनी कुणी त्या बातम्यांना टॅग लावेल आणि सगळी देवनारं नकाशावरच्या एकाच टिंबावर आणून ठेवेल, तर आग गावठाणात लागली असं दिसेल आणि ज्यांच्या छातीत तो धूर गेला त्यांची वस्ती नकाशावर कोरी राहील. बातमीतल्या शब्दाने काय सांगितलं आणि आपण कोणती जागा मानली, या दोन गोष्टी इथेही वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

टीईआयने प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा उपसंच करण्याची मुभा दिली आहे. हवा तो एलिमेंट काढा, हवा तो अ‍ॅट्रिब्यूट जोडा, फक्त काय केलं ते लिहून ठेवा. म्हणजे मराठी कागदांसाठी शुहूर, फसली, हिजरी, शालिवाहन आणि राज्याभिषेक शक या पाच कालगणनांची वर्णनं एकदा नीट लिहून, तारखेच्या दिवस-महिना-सालाला स्वतंत्र 'कॅलेंडर' देणारा एक मराठी उपसंच करायला कुणाची परवानगी लागत नाही. पुण्याचं पुरालेखागार, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, या सगळ्यांकडे मोडी कागद आहेत. त्यांच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी चार दिवस एका टेबलाशी बसून हे ठरवावं, अशी माझी मागणी आहे. प्रत्येकाने आपापला अ‍ॅट्रिब्यूट काढला तर पुण्याची तारीख तंजावरच्या तारखेशी कधीच लागणार नाही.

अधिक मासाचं काय करायचं, तेही त्याच टेबलावर ठरावं. महिन्याचं नाव 'अधिक ज्येष्ठ' असं एकच धरायचं, की महिना ज्येष्ठ आणि 'अधिक' हा त्याचा गुण? मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. कागदावर बऱ्याचदा 'अधिक' लिहिलेलं नसतं आणि ते आपण गणितावरून जोडतो. जोडलेली गोष्ट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असावी, 'कुणी जोडली' यासह, आणि लिहिलेली गोष्ट मजकुरात असावी.

ते ठरेपर्यंत माझं चालू काम असं आहे. ज्या पत्रावर नुसता चंद्र आणि महिना आहे, साल नाही, तिथे मी 'व्हेन' भरत नाही. मजकुरातल्या माणसांवरून आणि लढायांवरून निघते ती आधीची मर्यादा 'नॉटबिफोर'मध्ये आणि नंतरची 'नॉटआफ्टर'मध्ये लिहिते, आणि ती कशावरून काढली हे टिपेत देते. तपासणीत ती फाइल 'तारीख अपूर्ण' म्हणून परत येते. मी ती तशीच पुन्हा पाठवते, कारण लिहून.